नको असलेला कॉड

फेलिक्स नेत्सेलचा सगळा जन्म कॉड माशावर गेला. पोलंडच्या किनाऱ्यावर, यास्तार्न्याच्या बंदरात त्याच्या बापाने कॉडवर घर बांधलं, त्याने कॉडवरच संसार केला. आता बाल्टिकमधला कॉड इतका आटलाय की त्याच्यावर जाळं टाकायलाच बंदी. डेन्मार्कवाले, स्वीडनवाले, सगळ्यांचं तेच रडगाणं. आमच्या हॉटेलांत पर्यटक मिटक्या मारत कॉड खातात, तो नॉर्वेहून ट्रकने येतो.

उरले चपटे लेपे मासे. पण त्यातही मेख मारून ठेवलेली. लेप्यांच्या जाळ्यात चुकून आलेला कॉड परत फेकायचा नाही, बंदरावर आणून मोजायचा. आणि बंदराला ठरवून दिलेलं माप भरलं की सगळ्या गावाची लेप्यांची जाळीही बंद. त्या ऑक्टोबरात माप भरतच आलं होतं. आयुष्यभर देवाकडे कॉड मागणारा फेलिक्स आता ‘नको रे बाबा’ म्हणत जाळं ओढत होता.

आणि नेमके कॉडच आले, जाळं भरून. डोकी मोठी, अंगं वाळलेली.

“टाका परत,” मेहुणा ब्रुनॉन म्हणाला. “बघतंय कोण?”

“पकडले गेलो तर परवाना जाईल.”

“आणि नेले तर गाव बसेल घरी. सगळ्यांच्या शिव्या खायच्यात का, दाजी?”

फेलिक्सने टाकले. पण खोलातून वर ओढलेल्या कॉडच्या पोटात हवा फुगते, त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. एवढा मुरलेला कोळी, घाबरून हेच विसरला. पांढरी पोटं वर करून ते बोटीभोवती तडफडू लागले. सीगल जमले, लांबच्या बोटींनाही कळेल असा कालवा झाला. फेलिक्सला स्वतःची चीड आली आणि माशांची कीव. दांड्याच्या जाळीने त्याने एकेक कॉड परत बोटीत घेतला. ब्रुनॉन तोंड फिरवून बसला.

बंदरावर मोजणी झाली, माप भरलं. लोकांनी मुकाट्याने जाळी आवरायला घेतली. कुणी शिवीसुद्धा दिली नाही, तेच त्याला जास्त लागलं.

बुडालेल्या कोळ्याच्या विधवेला फेरीतला वाटा द्यायची आमच्याकडची रीत फेलिक्सने अजून सोडलेली नाही. शेजारच्या म्हाताऱ्या अगाताकाकूच्या हातात त्याने एक कॉड ठेवला. तिला आता दिसत नाही. तिने मासा चाचपला आणि तिचा चेहरा उजळला.

“कॉड आहे हा. किती वर्षांनी रे फेलिक्स. म्हणजे आले म्हणायचे परत. उद्या जरा मोठा बघून आण हं.”

“आणतो, काकू,” फेलिक्स म्हणाला.