न वाचलेले तीन आकडे

धुळ्यात आणि जळगावात जुन्या प्राध्यापकांमध्ये एक विनोद अजून सांगितला जातो. तापमानाचे तीन आकडे चुकले म्हणून एका बाईंनी ठरलेलं लग्न मोडलं, असा तो विनोद. त्यातला पुरुष मी. तो विनोद पहिल्यांदा सांगितला तोही मीच. बायको होती तोवर ती पाहुण्यांना चहा देताना तो हसत सांगायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आता खरं लिहायला कुणाची हरकत उरलेली नाही. तेव्हाही कुणाची नव्हती.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला कॉलेजात गणित शिकवायचो. ती जळगावला पदार्थविज्ञान शिकवायची. शाळांच्या एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोघं परीक्षक होतो. जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणालो, काल दुपारी माझ्या खोलीत त्रेचाळीस अंश होतं.

"थर्मामीटर कुठं टांगलाय, सर?" समोर बसलेल्या तिने विचारलं.

"भिंतीला."

"मग तो भिंतीचा ताप आहे. हवेचा नाही."

बाकीचे हसले. मी एक शंका काढली. तिने तिचं उत्तर दिलं, मी त्यावर दुसरी काढली. दोघांच्याही डब्यातली पोळी तशीच राहिली. उठताना ती म्हणाली, "तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मला येत नाही. शोधून कळवते." आठ दिवसांनी कार्ड आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, पत्त्याच्या जागेतही एक आकृती.

जळगाव जास्त तापतं की धुळं, यावर तेव्हा एस.टी.त लोक वाद घालायचे. प्रत्येकाला आपलंच गाव जास्त तापायला हवं असायचं. आम्ही ठरवलं, मोजू. तिने खोक्यांच्या फळ्यांपासून सुताराकडून झडपांच्या दोन पांढऱ्या पेट्या करून घेतल्या. थर्मामीटर त्यात ठेवायचा, म्हणजे वारा लागतो आणि ऊन लागत नाही. एक पेटी तिच्या गच्चीवर राहिली. दुसरी ती मांडीवर घेऊन बसने धुळ्याला आली.

"ताई, कोंबड्या आहेत का आत?" कंडक्टरने विचारलं होतं.

"नाही. हवा आहे."

"मग तिकीट एकच."

हे तिने मला स्टँडवर उतरल्या उतरल्या सांगितलं. तेव्हा ती मला अजून सर म्हणायची.

नियम तिने केले. रोज दुपारी तीनला आकडा वाचायचा. घड्याळ सकाळी रेडिओच्या बातम्यांबरोबर लावायचं. तक्ता वहीत ठेवायचा आणि महिना संपला की त्याची नक्कल दुसऱ्याला पोस्टाने पाठवायची. गावाला गेलो, झोप लागली, विसरलो, तर रकाना कोरा ठेवायचा. न वाचलेला आकडा लिहायचा नाही. आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा दिसत राहतो. शेजारी खरं लिहायचं आणि खाली दोघांनी सही करायची. पहिल्या वर्षी माझ्या तक्त्यात अशा अकरा रेघा होत्या. तिला त्यांचं काही वाटायचं नाही. कोऱ्या रकान्यांचंही नाही.

तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. आधी त्यात ढगाळ, पश्चिमेचा वारा, धूळ, एवढंच असायचं. मग एकदा तिने लिहिलं, वरण करपलं. मी लिहिलं, चष्म्याची काडी मोडली, दोऱ्याने बांधली. पुढे सर गेलं, तुम्ही गेलं. महिन्यातून एका रविवारी मी जळगावला जायचो. तिच्या आईच्या हातचं भरीत खायचं, मग गच्चीवर जाऊन तीनचा आकडा दोघांनी वाचायचा. एकदा आमच्या वाचनात अर्ध्या अंशाचा फरक पडला. ती म्हणाली, तू उंच आहेस म्हणून. खाली वाक. मी वाकलो. तिचा गाल माझ्या गालाला लागला. तिने आकडा पुन्हा वाचला, वहीत लिहिला आणि मग म्हणाली, "असाच थांब."

चौथ्या वर्षी एका तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात होतं: तीन वाजता तुझी आठवण आली. वेळ अचूक.

लग्नाचं तिनेच विचारलं. तिच्या गच्चीवर, पेटीचं दार लावताना.

"एकत्र राहायला लागलो तर एक ठिकाण बंद पडेल. तेवढा तोटा आहे."

"तू जळगावलाच नोकरी ठेव. मी शनिवारी येईन."

"म्हणजे लग्नानंतरही तक्ते पोस्टाने?"

"पोस्टाने."

"मग चालेल," ती म्हणाली.

ती बौद्ध घरातली, वडील रेल्वेत होते. मी चोपड्याकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. तिने घरी सांगितलं, घरचे हो म्हणाले. मी म्हणालो, बहिणीचं लग्न होऊ दे, मग आबांना सांगतो. बहिणीचं लग्न झालं. मी सांगितलं नाही.

पुढच्या मार्चच्या अखेरीस आबा, माझे वडील, धुळ्याला आले. पाचोऱ्याला एक मुलगी बघायची होती.

"देखाले काय जास तुनं?" ते म्हणाले. "येक कप चहा पी अन् निंघी ये."

मी गेलो. शुक्रवारी दुपारी बाराला निघालो, तिकडे नातेवाइकांकडे राहिलो आणि रविवारी संध्याकाळी परत आलो. चहा प्यायलो, शेव खाल्ली. मुलीने मला विचारलं, गणितात काय शिकवता. मी सांगितलं. आबांनी बाहेर आल्यावर विचारलं, कशी शे पोरगी. मी म्हणालो, बरी आहे. नाही म्हणालो नाही. दुसरी कुणी आहे हेही सांगितलं नाही.

महिना संपत होता, तक्ता सोमवारी पाठवायचा होता. तीन रकाने कोरे होते. कोरे ठेवले असते तर तिने विचारलं असतं, कुठं होतास. मी आधीच्या आठवड्याचे आकडे पाहिले आणि अडतीस, साडेअडतीस, अडतीस लिहिलं. शेऱ्यात निरभ्र लिहिलं. सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं. स्टाफरूममध्ये शिरलो तर सगळे शनिवारच्या गारांबद्दल बोलत होते. धुळ्यात शनिवारी दुपारी अडीचला गारा पडल्या होत्या. आमच्या कॉलेजच्या छताचे पत्रे फुटले होते. माझ्या तक्त्यात शनिवारी तीन वाजता साडेअडतीस अंश आणि निरभ्र होतं.

त्याच दिवशी दुसरं पत्र पाठवता आलं असतं. मी दोन आठवडे काही पाठवलं नाही.

दोन आठवड्यांनी रविवारी ती आली. तीनला पाच मिनिटं कमी होती. आधी गच्चीवर गेली, आकडा वाचला, माझ्या वहीत लिहिला. मग पर्समधून माझा तक्ता काढला आणि गारांच्या बातमीचं कात्रण त्याच्यावर ठेवलं.

"त्या शनिवारी तू धुळ्यात नव्हतास."

"नव्हतो."

"कुठं होतास?"

"पाचोऱ्याला. आबा घेऊन गेले."

"मुलगी बघायला?"

"हो. पण हो म्हणालो नाही मी."

"नाही म्हणालास?"

ती पेटीच्या झडपांवरची धूळ बोटाने पुसत होती.

"रकाना कोरा ठेवायचास ना," ती म्हणाली. "मी विचारलं असतं, तू सांगितलं असतंस, आपण भांडलो असतो. भांडलो असतो तर चाललं असतं. आता मी मागची पाच वर्षं कशी वाचू? त्यातलं तू पाहिलेलं किती आणि बसून लिहिलेलं किती?"

"तेवढे तीनच आहेत."

"असतील. आबांना माझ्याबद्दल आज सांगशील? पोस्ट ऑफिसात जाऊन फोन लावू. मी बरोबर येते."

"आज रविवार आहे. पोस्ट बंद असेल."

"मग उद्या. मी रजा टाकते."

"थोडं थांब," मी म्हणालो.

तिने तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला. कात्रण गच्चीच्या कठड्यावर राहिलं. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बस लागेपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. मला काही वाटत नव्हतं. उन्हामुळे असेल असं मी तेव्हा समजलो. पुढेही बराच काळ तसंच राहिलं, थंडीतसुद्धा.

महिनाअखेरीस तिचा तक्ता आला नाही. मीही पाठवला नाही. स्टाफरूममध्ये एकाने विचारलं, काय हो, जळगावची फेरी बंद? मी म्हणालो, "तीन आकडे चुकले म्हणून बाई रागावल्या." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. एकाने पुढे सांगितलं, दुसऱ्याने जळगावला नेलं. तिच्या कॉलेजात मुलं तिला थर्मामीटर मॅडम म्हणू लागली. तिला एक स्थळ आलं होतं, त्या लोकांनी म्हणे विचारलं, मुलगी फार चिकित्सक आहे का. हे सगळं मला त्या त्या वेळी कळत होतं. तिने खरं कारण कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एका दिवसात विनोद थांबला असता. ते माझं काम आहे, असं तिला वाटलं असावं.

वर्षभराने पाचोऱ्याच्या मुलीशी माझं लग्न झालं. ती चांगली होती. विनोदातले ते तीन आकडे मी तिलाच बघायला गेलो त्या दिवसांचे होते, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

तर, ज्यांनी तो विनोद ऐकला आहे त्यांच्यासाठी: आकडे चुकले नव्हते. ते वाचलेलेच नव्हते. लग्न तिने मोडलं नाही. तिने मला एक दिवस दिला होता आणि मी तो घेतला नाही.

ती जळगावातच असते असं कळतं. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मी गेलो नाही.

माझी वही माझ्याकडे आहे. काल ती काढून मार्च उघडला. त्या तीन आकड्यांवर तिच्या पद्धतीने एकेक रेघ मारली, जुने आकडे दिसत राहतील अशी. निरभ्रवरही मारली. शेजारी लिहिलं, वाचन नाही, पाचोऱ्याला होतो, मुलगी बघायला. खाली सही केली. दुसऱ्या सहीची जागा सोडून ठेवली आहे.