अर्धी रक्षा

थोरल्या भावाच्या दहाव्याला मी त्याच्या पिंडाला चुकीचं वचन दिलं. तेही मोठ्या आवाजात, साऱ्या भावकीसमोर.

दादा डॉक्टर होऊन विलायतेला गेला आणि वेल्समधल्या समुद्रकाठच्या एका चिमुकल्या गावात राहिला तो राहिलाच. त्या गावाचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही. मी आपला आमच्या शेजारच्या गावाचं नाव त्याला देऊन 'तुझं धावडा' म्हणायचो. तिथंच तो गेला. त्याची मुलगी, माझी पुतणी, रक्षा घेऊन आमच्या पिंपळगावला पोचली, तोवर दहावा दिवस कधीच उलटला होता. पण रक्षा येईल तो आपला दहावा, असं अक्कानं ठरवलं. अक्का म्हणजे आमची सगळ्यांत थोरली बहीण. तिच्यापुढं भटजींचीही बोलायची टाप नव्हती.

नदीवर पिंड मांडले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून तसं वचन द्यायचं असतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दर रविवारी त्याच्याशी फोनवर बोलणारा मी. मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?

मी पुढं झालो, हात जोडले. "दादा, तुला परमुलखात ठेवणार न्हाई. तुझी समदी रक्षा इथंच, आपल्या नदीत. बिलकुल काळजी करू नको."

आवाजात असा काही कंप आला की माझं मलाच कौतुक वाटलं. बाभळीवरचा एक कावळा उडाला आणि नदीपलीकडं गेला. मागोमाग बाकीचेही गेले.

"आणखी जोरात बोल," अक्का म्हणाली. "लांबून आलाय त्यो. ऐकू यायला टाइम लागंल."

मी तेच वचन पुन्हा दिलं, ओरडून. तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेली पुतणी हळूच म्हणाली, "काका, बाबांना अर्धी रक्षा तिथल्या समुद्रात हवी होती. तुम्हाला सांगितलंय म्हणाले होते."

सांगितलंच असणार. दादा रविवारी त्या गावाच्या गोष्टी सांगत सुटायचा. मी फोन बाजेवर ठेवून बैलांना पाणी दाखवायला जायचो आणि परत येऊन "बराबर हाय" म्हणायचो. त्यातलं थोडंफार कानावर पडलेलं. एके काळी तिथल्या धक्क्यावरून घरांवर घालायच्या काळ्या दगडी पाट्या जहाजांत भरून जायच्या. आता जहाजं नाहीत, आणि थंडीत निम्म्या घरांना कुलपं. पूर्वी शाळेत पोरगं आपल्या बोलीत बोललं की शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. "आपल्या आबांना निजामाच्या शाळेत उर्दूतच शिकावं लागलं, तसंच रे," दादा आमच्या वडलांबद्दल म्हणाला होता. दादा तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्यांची बोली शिकला. मला मात्र त्याच्या गावाचं नाव शिकता आलं नाही.

"अर्धा माणूस कुठं सोडत्यात का?" अक्का पुतणीवर कडाडली.

पुतणीनं मग त्या गावच्या कबरस्तानातल्या एका दगडाची गोष्ट सांगितली. त्याच्याखाली कोणी पुरलेलं नाही. गावचा एक तरुण खलाशी जहाजावर गेला आणि मुंबईच्या बंदरात तापानं मेला. तो इकडंच राहिला. गावात नुसतं नाव. "बाबा दर उन्हाळ्यात तो दगड घासून पुसून ठेवायचे. म्हणायचे, यांचा एक आपल्या मुलखात राहिला. त्याच्या बदल्यात अर्धा मी इथं राहतो. नाही तर या गावाचं माप पुरं कसं होणार?"

अक्कानं पाण्याकडं बघतच विचारलं.

"दगड कोणी बसवला त्येचा?"

"त्याच्या आईनं, आत्या. तसं कोरलंय त्यावर."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. "मंग ने माय, अर्धी ने."

मी पुन्हा पिंडासमोर बसलो आणि या खेपेला हळू आवाजात नवं वचन दिलं. कावळा आला नाही. माझ्या शब्दावर त्यानं तरी का विश्वास ठेवावा? ऊन चढलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही अर्धा दादा नदीत सोडला.

पुढं एके दिवशी पुतणीनं तिकडून व्हिडिओ कॉल केला. मी आणि अक्का बाजेवर डोक्याला डोकं लावून बघत होतो. धक्क्यावर वारा इतका की तिचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. तिनं उरलेली रक्षा लाटेत सोडली आणि धक्क्याच्या भिंतीवर भाताचा गोळा ठेवला. एक मोठा पांढरा समुद्रपक्षी तिरपा उतरला, मान वाकडी करून नेमका फोनकडं बघत राहिला आणि भात उचलून उडाला.

"शिवला!" मी रडतच ओरडलो. "दादा, ऐक, मी काय म्हणून राह्यलो, तुझं ते धावडा..."

अक्कानं फोन हिसकावून घेतला. "गप बस. जिता होता तवा त्येचं एक ऐकलं न्हाई. तू वळखू नये म्हणूनच पांढरा होऊन आल्ता त्यो."