गाडीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

परशुरामाचा ट्रक आमच्या वाडीतल्या निम्म्या माणसांपेक्षा जुना. खाणीवरून लाल चिरे भरायचे आणि ज्याच्या घराचं बांधकाम चाललंय त्याच्या दारात नेऊन ओतायचे, हा त्याचा आयुष्यभराचा धंदा. माणूस कष्टाळू, हाताचा सढळ, पण एकदा डोक्यात राख घातली की समोर देव उभा राहिला तरी ऐकायचा नाही. मी त्याचा शेजारी, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

यंदा थंडी पडली आणि ट्रक सकाळचा रुसायला लागला. थंडी म्हणजे आपली कोकणातली, शाल घेतली तर घाम येणारी. पण गाडीला तेवढंही निमित्त पुरलं. सेल्फ मारला की इंजिन उठायचं, खोकायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प. खूप वेळ डिझेलचा हातपंप मारल्यावर कुठे सुरळीत चालायचं. तोवर खाणीवरचा त्याचा नंबर दुसऱ्याला गेलेला असायचा. कणकवलीच्या गॅरेजात नेली तर तिथे पोचेपर्यंत गाडी तापलेली, एका सेल्फात चालू. तिथल्यांनी बॅटरी बदलली, फिल्टर बदलला, नोझल काढून साफ केले. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी खोकला तोच.

आता देवेशबद्दल सांगायला हवं. देवेश हा परशुरामाचा धाकटा, सख्खा भाऊ. घरं शेजारी शेजारी, मधे फक्त गडग्याची भिंत. देवेश पाडेली, माडावर चढून नारळ पाडायचं काम. सकाळी ट्रकचा धूर थेट त्याच्या स्वयंपाकघरात शिरायचा. एकदा वैतागून तो गडग्यावरून म्हणाला, "दादा, तुज्या ह्या डबड्याचो आवाज एक दिवस कायमचो बंद होतलो बघ." रागाच्या भरातलं बोलणं, दुसरं काय. पण पुढच्याच आठवड्यात गाडी बिघडली, आणि परशुरामाच्या मनानं घेतलं की भावानं टाकीत काहीतरी घातलं, नाहीतर करणी केली.

सरळ विचारलं असतं तर भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. पण परशुराम गावदेवी सातेरीच्या देवळात गेला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. देवीपुढे नारळ ठेवायचा, गुरवानं मागणं बोलायचं आणि जमलेल्यांनी त्याला साथ द्यायची. गुरव बोलला, "ज्या कोणान ह्या लेकराच्या गाडयेक वाकडो हात लायलो आसात, तो हात तू धरून ठेय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

नाव कुणी घेतलं नाही, पण संध्याकाळपर्यंत ते घरोघर झालं होतं. आणि मग जे झालं ते पाहून मला माझ्याच वाडीची लाज वाटली. देवेशला कुणी माडावर चढायला बोलावेना. देवीनं हात धरला आणि हा आपल्या अंगणात पडला तर? लोक तोंडावर गोड बोलायचे, "नारळ अजून तयार नाय जावक," म्हणायचे आणि गुपचूप दुसऱ्या गावचा पाडेली आणायचे. मी बोलावलं असतं, पण माझ्या परड्यात माड एकच आणि तोही वांझ. देवेश कोयती कमरेला लावून सकाळी निघायचा आणि तशीच लावून परत यायचा.

शेवटी खाणीवरच्या कुणीतरी मालवणच्या बाळा मिस्त्रीचं नाव सांगितलं. बाळानं गाडी गॅरेजात घ्यायलाच नकार दिला. फोनवर म्हणाला, "गरम गाडी खोटा बोलता. मी सकाळी घराकडे येतंय. माज्या आधी सेल्फ मारलंस तर तसोच परत जातलंय."

तो आला तेव्हा मी गडग्याला टेकून उभाच होतो. गाडी अंगणाच्या चढावर, तोंड वर. बाळानं आधी तेच विचारलं, "चढार कित्याक लायतंस? खाली सपाटी आसा मा."

"वर सातेरीचा देऊळ. खाली लावची तर गाडी फिरवक होयी, मगे पाठ देवळाकडे येता. देवीक पाठ दाखवची नाय. आमचो बापूस बैलगाडी पण अशीच लावी."

बाळानं टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या मधे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि हातपंप मारायला लावला. नळीतून डिझेल आलं, पण बुडबुडे घेऊन. मग तो गाडीखाली शिरला आणि जुना रबरी पाइप वाकवून दाखवला. बारीकशी चीर होती. ओल दिसत नव्हती, थेंब पडत नव्हता.

"बोरिंगच्या हातपंपाचो वॉशर गेल्यार पाणी खाली उतारता मा? तसाच ह्या. इंजिन वर, टाकी खाली. रात्रभर डिझेल टाकीत उतारता आणि ह्या चिरेतसून हवा आत. पाइप बदल आणि गाडी सपाटीक लाव."

नवा पाइप घातला, हवा काढली. गाडी एका सेल्फात उठली आणि खोकली नाही.

परशुराम खूश होईल असं मला वाटलं होतं. तो चाकाला टेकून खाली बसला. "म्हणजे देवेशान काय केल्यान नाय?"

"देवेश कोण?" बाळानं हात पुसत विचारलं.

मला परशुरामाचा राग आला होता खरा, पण तेव्हा त्याचं तोंड बघवेना. गाडी चालू ठेवूनच तो उठला आणि गडग्याला वळसा घालून भावाच्या अंगणात गेला. देवेश सुंभ वळत बसला होता.

"माजी चूक झाली. पाइप फुटलेलो," परशुराम म्हणाला. "चल माज्यावांगडा देवळात. दोघांनी उभ्या ऱ्हावन गाऱ्हाणा परत घेवया. सगळ्यांसमोर सांगतंय."

देवेशनं मान वर केली नाही. "माका देवळात कित्याक होया? मी काय केलंय नाय ता देवीक पयल्यापासून ठावक आसा. तुका ठावक नाय हुता, ताच माका लागला."

"मगे मी काय करू?"

"गाडी चालू झाली मा?" देवेश म्हणाला. "जा मगे. नंबर जायत."

परशुराम जाऊन गाडीत बसला. त्या दिवशी खाणीवर पहिला नंबर त्याचा लागला.