माताजींनी सोडलेला चहा

लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा मला हिंदीचा एक शब्द धड बोलता येत नव्हता. ह्यांना सरकारी क्वार्टर मिळायचं होतं, तोवर आम्ही मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहत होतो. शेजारच्या खोलीत पानिपतकडच्या एक वयस्कर बाई होत्या. सगळे त्यांना माताजी म्हणत.

माहेरी शिकवलं होतं, की मोठ्या माणसांपुढे नव्या सुनेनं बोलू नये, विचारलं तर नुसती मान हलवावी. मीही तेच केलं. माताजी काही विचारायच्या, मी मान हलवायची. एकदा त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. कळलं नाही, तरी मी मान हलवली. त्यांनी मला जवळ घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, माहेर सुटल्याचं दुःख त्यांना कळलं.

तेव्हापासून दुपारी चारला त्या माझ्यासाठी चहा आणू लागल्या. स्वतः मात्र नुसतं गरम पाणी घेत.

एका संध्याकाळी हे जिना चढून आले ते हसतच.

"अगं, तू मुकी आहेस म्हणे! माताजी खाली भेटल्या. तुला वाचा फुटेपर्यंत त्यांनी चहा सोडलाय. नवस बोलल्यात गुरुद्वाऱ्यात!"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मला हसू आवरेना, म्हणून खोकत वर आलो. जा, सांग त्यांना."

"कुठल्या भाषेत सांगू?"

"मी सांगतो."

"नको, माझी शपथ आहे तुम्हाला!"

"मग बसा दोघी. एक मुकी, एक बिनचहाची."

ह्यांना गंमत वाटत होती. मला खोटारडी ठरण्याची भीती वाटली. आणखी अकरा दिवस मी माताजींच्या हातचा चहा प्यायले, त्यांच्यासमोर. डिसेंबरची थंडी होती. माझ्या कपाच्या वाफेकडे त्या बघायच्या आणि मग गरम पाण्याचा घोट घ्यायच्या.

बाराव्या दिवशी ह्यांच्याकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली. मैं गूंगी नहीं हूँ. मुझे हिंदी नहीं आती. आप चाय पीजिए. आलं घालून चहा केला आणि कप घेऊन गेले. माताजी मटार सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पहिली दोन वाक्यं मी विसरूनच गेले.

"माताजी, चाय पीजिए," एवढंच बोलले.

त्यांच्या हातातलं ताट पडलं. सगळीकडे मटार. "वाहेगुरू!" म्हणून त्यांनी मला मिठी मारली, जिन्यात उभं राहून सगळ्या बायकांना हाका मारल्या. "फिर से बोल, बेटी!" मी पुन्हा तेच म्हटलं. बायका रडू लागल्या. माताजींनी तो चहा उभ्यानंच घेतला, थंड झालेला. दुसऱ्या दिवशी गुरुद्वाऱ्यात माझ्या नावानं शिरा वाटला. मी डोकं झाकून, मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, केवढी भक्ती!

हे त्या रात्री हसले नाहीत. "राहू दे आता," म्हणाले, "म्हातारीचा आनंद कशाला मोडायचा?" मी ते ऐकलं, कारण ते सोयीचं होतं.

पुढे हिंदी इतकी आली की मुलं म्हणतात, आई, तू मराठीसुद्धा हिंदीत बोलतेस. सांगायला शब्द नव्हते, असं आता म्हणता येत नाही.

आम्ही मयूर विहारला फ्लॅट घेतल्यावर, माझ्या मुलाच्या लग्नानंतर, माताजी एकदा आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, तरी काठी टेकत, तीन जिने चढून. माझ्या सुनेला जवळ बसवून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. "तेरी सास को आवाज़ मेरे रब ने दी है." सून माझ्याकडे बघतच राहिली. हे तोवर देवाघरी गेले होते, त्यामुळे खरं माहीत असलेली मी एकटीच होते. माताजी सांगता सांगता थांबल्या, जणू आता मी काहीतरी बोलेन.

मी उठून त्यांचा कप उचलला.

"माताजी," मी विचारलं, "आधा कप और लेंगी?"