बांधलेला पाला

प्राणिसंग्रहालयात झाडावर राहणारी कांगारू मादी सिमेंटच्या खोडावर, लांब शेपूट खाली सोडून बसली होती. तारेनं बांधलेला पाला खात होती. उंच, दमट जंगलात ही जात फांद्यांवर फिरून कोवळी पानं, फळं खाते. जंगल तुटतंय, म्हणून तीही संपत चाललीय, असं पाटीवर लिहिलं होतं.

“इथं निदान वेळेवर खायला मिळतं तिला,” मी म्हटलं.

“मिळतं गं,” आई म्हणाली. “पण खुडायला मिळत नाही.”

आपण कुणाला सांभाळायला घेतो, तेव्हा पोटाचंच बघतो. परसातली भाजी गावी सोडून आई माझ्याकडे परदेशात राहायला आलीय.

संध्याकाळी मी निवडलेल्या पालकाचं पाकीट आणलं. तिनं ते ताटात ओतलं आणि एकेक पान पुन्हा निवडत बसली.