उपाशी ठेवायच्या पेशी

अंबरनाथच्या एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी असते. म्हणून आमच्या छोट्या लॅबमध्ये गुरुवारी निघताना सगळ्या डिशमधल्या पेशींना ताजं खाद्य द्यायची पद्धत आहे. ‘लेकरं जेवली का?’ असं आम्ही एकमेकींना विचारतो. त्या गुरुवारी मात्र माझ्या डिशमधल्या, उंदराच्या यकृताच्या पेशी मला उपाशी ठेवायच्या होत्या.

यकृताच्या पेशीला खायला मिळालं नाही आणि वर ग्लुकागॉन हे उपासाचं हार्मोन आलं, की ती स्वतःचीच एन्झाइम मोडून खाते. सरपण संपलं की माणूस घरातला पाटही फोडून चुलीत घालतो, तसं. हेच सोमवारी औषध कंपनीच्या माणसांना दाखवायचं होतं. जमलं नाही तर महिनाअखेरीला संपणारं माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, असं साहेबांनी स्पष्टच बजावलं होतं.

शनिवारी निकाल आला. एन्झाइम जितकं उरेल तितकी फिल्मवरची पट्टी गडद उमटते. ती फिकी यायला हवी होती, आली काळीकुट्ट.

“मॅडम, हार्मोन टाकायला विसरलात. सिंपल आहे,” साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. विसरले? मी? तोंडावर आलेली शिवी मी कशीबशी गिळली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची ताई उठली. उल्हासनगरहून येते, माझ्यासारखीच कॉन्ट्रॅक्टवर. “सर, ती नाही विसरली. गुरुवारी लास्टला मी होते. झाकणावरची ‘खाद्य नको’ची चिठ्ठी बघितलीच नाही, तिच्या डिशलापण खाद्य घातलं.”

त्या खाद्यात इन्सुलिन असतं. ते मिळालं की पेशी मोडतोड थांबवते. म्हणजे पेशी बरोबरच वागल्या होत्या.

मी ताईवर नको तितकी ओरडले. तिने ऐकून घेतलं आणि नव्या डिश काढल्या. शनिवारीच पेशी उपाशी ठेवल्या, रविवारी दोघी लॅबमध्ये बसलो. बोलणं कामापुरतं. संध्याकाळी पट्टी आली: फिकी, जेमतेम दिसेल इतकी. ताईने माझा हात घट्ट दाबला आणि माझा सगळा राग उतरला.

सोमवारी कंपनीची माणसं खूश होऊन गेली. साहेबांनी माझं कॉन्ट्रॅक्ट सहीला काढलं आणि ताईला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

ती केबिनमधून बाहेर आली. “तुझं झालं ना?” तिने विचारलं.

मी दार न ठोठावताच आत शिरले. “सर, दोघींचं करा. नाहीतर माझंही नको.”

साहेबांनी माझ्या कॉन्ट्रॅक्टवर सही न करताच पेनाला टोपण लावलं.