वाकडं बोट

काळाचौकीच्या आमच्या चाळीमागे मी दर वर्षी भोपळ्याचा वेल लावायचो आणि यंदा दोघांनी उचलावा एवढा भोपळा येणार, असं चाळभर सांगत सुटायचो. खालच्या मजल्यावरचे मालवणी काका मिलमधून आले की आधी वेलापाशी यायचे. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं, म्हणून ते बोट दुमडून दाखवायचे. माझं बोट सरळ दिसलं की हातावर चापट बसायची. "कुसतलो रे तो!"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे ते दिवस. जिन्यातल्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने नकाशा काढला होता. त्यातली मुंबईसुद्धा काका दुमडल्या बोटानेच दाखवायचे. मी हसायचो, पण एकटा असलो की माझंही बोट दुमडायचं.

अखेर मुंबईसह महाराष्ट्र झाला. काकांनी नकाशातल्या मुंबईवर पहिल्यांदा सरळ बोट टेकवलं आणि डोळे पुसले. तीच वेळ साधून मी त्यांना चाळीमागे नेलं. माझा भोपळा पिकून पिवळा झाला होता, देठ वाळला होता. आकार मात्र नारळाएवढा. काकांनी तो खालीवर न्याहाळला आणि हळूच बोट दुमडलं.

"रवांदे रे. अजून कोवळो आसा."